मर्यादांना पानांची मर्यादा नाही

पहिला नियम: पानं आठ.
अक्षर दहाचं, समास ठरलेला तेवढाच,
ओळी दाटीवाटीनं बसवून जागा चोरली
तर लेख न वाचता परत.
नियम इतका बारीक आहे की लिहिणाऱ्यानं
स्वतः कधीतरी समास चोरला असणार.

डंडीत रात्रीचे दोन.
पर्थ रोडवरच्या या जिन्याला
सप्टेंबरातही ओल्या कुत्र्याचा वास.
नदीवर धुकं चढलंय, पुलाचे दिवे
मोजायला घेतले की सातव्याशी हरवतात.

दुसरा नियम: नाव नको.
विद्यापीठाचं नको, गावाचंही नको.
'आमच्या आधीच्या कामात' असं म्हणायचं नाही,
म्हणायचं 'गुळवणी यांनी दाखवलं आहे',
जणू गुळवणी ही कुणी लांबची बाई
जिच्याशी आपलं येणंजाणं नाही.
तिचं एक गणित तर मला आता पटतही नाही.

नाव पुसलं, तरी फाइलच्या पोटात राहिलं होतं.
तिथूनही उपसून काढलं.
सहा वर्षं इथे त्याचा जो उच्चार झाला
त्यापेक्षा हे बरं.

विषय: ऐंशीपुढची माणसं जिना कशी चढतात.
बुटात बटणाएवढा सेन्सर,
तेवीस माणसं, चार महिने.
त्यातली एक, सहभागी क्रमांक सात.
तिचं नाव कुठेही लिहिणार नाही
अशी सही मी फार आधी केली आहे.
म्हणून इथेही लिहीत नाही.

सात नंबर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबते.
दर खेपेला. अकरा सेकंद, कधी चौदा.
आलेखात तिचं टिंब एकटंच वर,
भरल्या पंगतीतून कुणी मध्येच उठावं तसं.
ग्रेगर म्हणाला, दम लागत असेल.
नाहीतर वगळ सरळ,
एका टिंबापायी रेघ कशाला वाकवायची?

मी विचारलं होतं तिला, फेब्रुवारीत.
ती कपात आधी दूध ओतत होती.
दम कसला, म्हणाली,
तिथल्या खिडकीतून रेल्वेचा पूल दिसतो.
नवरा त्याला रंग द्यायचा, तीस वर्षं.
बघते, कुठे राहिलाय का.

हे कुठल्या तक्त्यात बसवू?
चर्चेच्या भागात सव्वा ओळ उरली आहे.
आणि आभार काढून टाकायचे, हा तिसरा नियम,
आभारांवरून माणूस ओळखू येतो म्हणे.
येतोच.
ज्यांचे मानायचे त्यातल्या एकीला
मे महिन्यात त्याच जिन्यावरून नेलं,
चौघांनी, न थांबता.
सेन्सर तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

मुदत: रात्री अकरा एकोणसाठ, पृथ्वीवर कुठेही.
म्हणजे जगातल्या शेवटच्या जागी
तारीख उलटत नाही तोवर उशीर झाला नाही.
तिथे म्हणे कुणी राहत नाही,
नुसती बेटं, पक्षी, आणि त्यांचा संपायला आलेला दिवस.
माझ्याकडे आज दुपारी एकपर्यंत
काल आहे.

मग तळाशी, अगदी बारीक अक्षरात:
'मर्यादा' हा भाग सक्तीचा.
तो आठ पानांत धरला जाणार नाही.

दोनदा वाचलं. चहा गार होऊ दिला.
आणि लिहिलं:
आमच्या उपकरणाला पाऊल कळतं,
थांबणं का, ते कळत नाही.
एक सहभागी खिडकीपाशी थांबत असत.
तो वेळ आम्ही दम लागणं म्हणून मोजलेला नाही,
आणि वगळलेलाही नाही.

पाठवलं. लगेच पोच आली,
प्रिय लेखक, आपला क्रमांक एकशे बारा.

दुसरा परीक्षक विचारणारच,
कुठली खिडकी? काय दिसतं तिथून?
तेव्हाही मला सांगता येणार नाही.
पुलाचं नाव घेतलं
की गाव ओळखू येईल.